पाण्याच्या धड्यात वालधुनी कुठे आहे?

उल्हासनगरमधल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना आम्ही एकदा नदीचे चित्र काढायला सांगितले. चित्रे कशी आली असतील हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, वळणे घेत कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी निळी नदी, काठावर एक झोपडी आणि एक नारळाचे झाड. जवळजवळ प्रत्येक कागदावर हेच चित्र होते. मग आम्ही विचारले, "आज शाळेत येताना कोणी नदी ओलांडली का?" एकही हात वर झाला नाही. वास्तविक त्या वर्गातली निम्मी मुले रोज वालधुनीवरचा पूल ओलांडून येतात. तसे म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, ती नदी नाही. तो नाला आहे."

त्या मुलाचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. डोळ्यांना जे दिसते, नाकाला जे जाणवते आणि मोठ्यांच्या तोंडून जे ऐकू येते, तेच त्याने सांगितले. चुकले असेल तर आपल्या पाण्याच्या धड्याचे. तिसरीच्या परिसर अभ्यासापासून दहावीच्या भूगोलापर्यंत हे मूल दरवर्षी पाण्याविषयी काही ना काही शिकते. २०२० च्या सुमारास नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा श्रेणीचा विषय आला, तेव्हापासून पाणलोट आणि भूजल हे शब्दही सर्वांच्या कानावर पडू लागले. इतके शिकूनही रोज पायाखालून जाणारे पाणी कुठून आले आणि कुठे चालले हे सांगता येत नसेल, तर या शिकवण्यात नेमके काय कमी पडते ते तपासायला हवे. या तपासणीसाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारी शहरांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

आकृतीत नसलेली माणसे

प्रथम जलचक्राची आकृती घेऊ. समुद्र, सूर्य, वर जाणारे बाण, ढग, डोंगरावर पाऊस, नदी आणि पुन्हा समुद्र. या आकृतीत शास्त्रीय चूक नाही. बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी हा क्रम बरोबरच आहे. प्रश्न आहे तो आकृतीत काय नाही याचा. तिच्यात धरण नाही, जलवाहिनी नाही, नळ नाही, गटार नाही. म्हणजे शहरातल्या मुलाचा पाण्याशी जिथे जिथे संबंध येतो, त्यांपैकी एकही जागा तिच्यात नाही.

ही उणीव फक्त आपल्याकडची नाही. 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या साडेचारशेहून अधिक जलचक्राच्या आकृत्या तपासल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी काही संबंध असतो असे दाखवलेलेच नव्हते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची आकृती जगभरच्या शाळांत वापरली जाते. त्या संस्थेने २०२२ साली आपली आकृती नव्याने काढली आणि तिच्यात धरणे, शेती, शहरे, उद्योग यांना जागा दिली. आपल्या फळ्यावर मात्र अजून बहुधा जुनीच आकृती निघते. ती पाठ करणे सोपे असते आणि परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळतात.

पाणलोट फक्त खेड्यांतच असतो?

दुसरा धडा पाणलोट क्षेत्राचा. ज्या भूभागावर पडलेल्या पावसाचे वाहते पाणी एकाच प्रवाहात एकत्र येते, तो त्या प्रवाहाचा पाणलोट. दोन पाणलोटांना वेगळे करणारी उंचवट्याची रेषा म्हणजे जलविभाजक. व्याख्या सोपी आहे. पण तिच्यानंतर येणारी उदाहरणे पाहा. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, पुरंदर तालुक्यातली नायगावची पाणी पंचायत. उतारावरचे समतल चर, नाल्यावरचे बंधारे, पुन्हा भरलेल्या विहिरी. ही उदाहरणे शिकवलीच पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने पाण्याविषयी जे कष्टाने मिळवले, त्याचा तो इतिहास आहे. परंतु केवळ हीच उदाहरणे दिल्यामुळे मुलांचा एक समज नकळत पक्का होतो. पाणलोट ही दुष्काळी खेड्यांची गोष्ट आहे आणि शहरात पाणी नळाला येते, असा तो समज. जमिनीचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या पाणलोटात असतो, मग तो डांबराखाली का असेना, हे व्याख्येत असूनही मुलांपर्यंत पोचत नाही.

ते पोचवायला बदलापूर स्टेशनचा पूल पुरेसा आहे. मुलांना होकायंत्र घेऊन तिथे उभे करावे. पहिला धक्का दिशांचाच बसतो. लोहमार्ग मुंबईहून उत्तरेकडे निघतो तेव्हा त्याच्या डावीकडे पश्चिम आणि उजवीकडे पूर्व असते. कल्याणनंतर कर्जतचा फाटा आग्नेयेकडे वळतो, पण बाजूंची नावे तीच राहतात. त्यामुळे ज्याला सगळे 'बदलापूर पश्चिम' म्हणतात, तो भाग होकायंत्रावर ईशान्येला निघतो आणि 'पूर्व' नैर्ऋत्येला. या नैर्ऋत्येला माथेरानपासून चंदेरी आणि मलंगगडाकडे गेलेली डोंगररांग दिसते. तोच जलविभाजक. रांगेच्या अलीकडे पडलेला पाऊस उल्हास आणि वालधुनीकडे येतो, पलीकडे पडलेला पनवेल-तळोज्याच्या बाजूला जातो. पुस्तकात व्याख्येच्या दोन ओळी असलेली गोष्ट इथे डोळ्यांसमोर उभी असते. तरी सहलीची बस तिच्या पायथ्यापासून निघून दुसरीकडे जाते.

याहून बारीक अभ्यास करायचा असेल तर दुसरा एक जलविभाजक शोधायला लावावा. बदलापूरचे पाणी थेट उल्हासकडे जाते. अंबरनाथचे बरेचसे पाणी वालधुनीला मिळते, आणि वालधुनी कल्याणजवळ जाऊन मग उल्हासला भेटते. म्हणजे या दोन शहरांच्या दरम्यान कुठेतरी एक लहानसा उंचवटा आहेच. लोकलमधून जाताना तो जाणवतही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशातल्या समोच्च रेषा पाहून आठवी-नववीच्या मुलांना तो शोधता येतो. एकदा तो शोधला की पाणलोट हा शब्द पाठ करावा लागत नाही.

घाट उतरून आलेले पाणी

आता पाणलोटाची व्याख्या पुरती समजली असे वाटत असतानाच उल्हास नदी शिक्षकाला एक अवघड प्रश्न विचारते. ही नदी राजमाची-खंडाळ्याच्या परिसरात, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती कल्याणच्या खाडीला मिळते आणि वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जमिनीखाली काळा पाषाण आहे. या खडकात पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, त्यामुळे अफाट पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि ओढे कोरडे पडतात. मग मे महिन्यात बदलापूरजवळ उल्हास वाहती कशी?

उत्तर घाटाच्या वर आहे. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. आंद्रा ही इंद्रायणीची उपनदी. इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. परंतु टाटांच्या वीज कंपनीने या धरणाचे पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला आणले. सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात त्यावर जनित्रे चालतात. १९२२ पासून हे चालू आहे. वीज निर्माण केल्यावर ते पाणी पेज नदीत सोडले जाते आणि पेज उल्हासला मिळते. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेला पाऊस असा घाट उतरून बदलापूरपर्यंत येतो. उन्हाळ्यातली उल्हास मुख्यतः या पाण्यावर वाहते.

म्हणजे निसर्गाने आखलेला जलविभाजक माणसाने एका ठिकाणी भोक पाडून ओलांडला आहे. याचा फायदा कोणाला, तोटा कोणाला? भीमेच्या खोऱ्यातला शेतकरी म्हणतो की आमच्या वाट्याचे पाणी पश्चिमेला जाते. बदलापूरचा रहिवासी म्हणतो की ते आले नाही तर आमचे नळ कोरडे पडतील. दोघांचेही म्हणणे खरे आहे. असा प्रश्न वर्गात आला की विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र ही तीन पुस्तके एकाच वेळी उघडावी लागतात. आपल्या वेळापत्रकात मात्र या तिघांच्या तासिका वेगळ्या आणि बऱ्याचदा शिक्षकही वेगळे असतात. पाण्याचा धडा कोरडा राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

नळ नावाची उपनदी

उल्हासनगरचे नाव उल्हास नदीवरून पडले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे आसरा मिळाला, त्या कल्याण कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते हे नाव मिळाले. परंतु शहराच्या मधून वाहते ती वालधुनी. मलंगगड-काकोळ्याच्या डोंगरांकडून ती निघते. काकोळ्याला जुन्या जी. आय. पी. रेल्वेचा तलाव आहे. पुढे अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीवरून ती कल्याणला जाते. हे मंदिर शिलाहारांच्या काळातले असून त्यातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वी एवढे मोठे मंदिर बांधायला जो काठ निवडला गेला, तो नाल्याचा नक्कीच नव्हता.

इथे 'नाला' या शब्दावर थोडे थांबायला हवे. ओहोळ, ओढा, नाला, नदी हे आकाराने वाढत जाणाऱ्या नैसर्गिक प्रवाहांचे मराठी शब्द आहेत. गटार हा माणसाने केलेल्या प्रवाहाचा शब्द. शहरात 'नाला' हा शब्द हळूहळू गटाराच्या अर्थाने वापरला जाऊ लागला. प्रवाहाचे नाव बदलले की त्याच्याशी कसेही वागायला मोकळीक मिळते. भाषेच्या तासाला हा धडा सहज घेता येईल.

मार्चनंतर वालधुनीला डोंगरातून येणारे पाणी जवळजवळ थांबते. तरी ती वाहते. कशाने? हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती. माणशी दररोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले तर शहराला रोज सुमारे ६ कोटी ८० लाख लिटर पाणी लागते. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे रोज जवळजवळ साडेपाच कोटी लिटर. हे एका शहराचे झाले. वरच्या बाजूला अंबरनाथ आणि तिथले कारखाने आहेतच.

हे पाणी मुळात कुठले? उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही. ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी घेते. महामंडळाचे बारवी धरण बदलापूरच्या पलीकडे आहे, आणि त्यातून सोडलेले पाणी जांभूळ येथे उचलून शुद्ध केले जाते. या धरणाची वाढवलेली उंची २०१९ साली वापरात आली, त्यासाठी मुरबाड तालुक्यातल्या काही गावांना आणि पाड्यांना आपली जागा सोडावी लागली. म्हणजे उन्हाळ्यातल्या वालधुनीत जे वाहते, ते बारवीच्या खोऱ्यात पडलेले, कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर साठलेले, नळातून घरात आलेले आणि मोरीतून बाहेर गेलेले पाणी आहे. नळ ही वालधुनीची सर्वांत मोठी उपनदी आहे. पुस्तकातल्या नदीप्रणालीच्या नकाशावर ती दाखवलेली नसते.

ही साखळी इथेही तुटत नाही. उल्हासनगरचा खेमाणी नाला वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी उल्हास नदीत नेत होता, तेही मोहने परिसरात, जिथून खालच्या शहरांसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. तो वळवण्याची योजना पुढे हाती घ्यावी लागली. एका गावाचे गटार हे पुढच्या गावाचे उगमस्थान असते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

'नळ बंद ठेवा' एवढाच उपदेश

पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक धड्याचा शेवट ठरलेला असतो. पाणी हे जीवन आहे, ते जपून वापरा, दात घासताना नळ बंद ठेवा. मग पोस्टर स्पर्धा, घोषवाक्ये, जलदिनाची प्रभातफेरी. यात वाईट काहीच नाही. चांगली सवय लहानपणीच लागते. आमचा आक्षेप वेगळा आहे. या शेवटामुळे पाण्याची सगळी जबाबदारी मुलाच्या हातातल्या तोटीवर येऊन थांबते.

पुन्हा हिशेब करू. नळातून सेकंदाला एक थेंब गळतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर दिवसाला सुमारे ४.३ लिटर पाणी वाया जाते. दहा हजार लिटरचा एक टँकर भरायला त्या नळाला सहा वर्षांहून अधिक काळ गळावे लागेल. आता दुसरी गोष्ट. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात पहाटेच्या अंधारात टँकरमधून रासायनिक सांडपाणी वालधुनीत सोडले गेले. त्यातून विषारी वायू पसरला आणि काठावरच्या वस्त्यांतल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. गळणारा नळ आणि विष सोडणारा टँकर यांची तुलना लिटरमध्ये होऊच शकत नाही. पण आपला धडा एकाविषयी दर वर्षी बोलतो आणि दुसऱ्याविषयी एकदाही नाही. त्या रात्री खोकत उठलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत 'नळ बंद ठेवा' हे घोषवाक्य लिहायला सांगितले, तर पाण्याच्या धड्यावर त्याचा विश्वास कसा बसावा?

शिवाय हा रसायनशास्त्राचा धडा आहे. सल्फाइड असलेल्या पाण्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड हा वायू बाहेर पडतो. प्रयोगशाळेत कुजक्या अंड्यांच्या वासावरून मुले तो ओळखतात. वेगवेगळ्या कारखान्यांची सांडपाणी एकाच प्रवाहात आली की तो प्रवाह हीच एक परीक्षानळी होते, आणि तिच्यात काय तयार होईल याचा अंदाज कोणालाच नसतो. नुसत्या घरगुती मैल्यानेही नदीचा जीव जातो. स्वच्छ पाण्यात, आपल्याकडच्या तापमानाला, लिटरमागे साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मैल्याचे विघटन करणारे जीवाणू तो वापरून टाकतात. तो संपला की मासे मरतात आणि प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू कामाला लागतात. वालधुनीचा वास हा त्यांच्याच कामाचा परिणाम. 'पाणी अस्वच्छ आहे' एवढे म्हणून थांबण्याऐवजी ते असे का झाले हे सांगता येणे, याला विज्ञान शिकणे म्हणायचे.

अशा विषयाला शाळा हात घालायला कचरतात, कारण त्यात कारखाने येतात, कचेऱ्या येतात, न्यायालय येते. पण हे सगळे उघड नोंदीतले आहे. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०१५ साली निकाल देऊन कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना जबाबदार धरले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातले जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने बंद करण्यात आले, आणि त्यांतले काही जवळपासच्या भागात हलले. नदीचा निळा रंग एका जागी कमी झाला तर तो दुसरीकडे कुठे गेला, हाही पाणलोटाचाच प्रश्न आहे.

इथे शिक्षकाला एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. वर्गातल्या काही मुलांची घरे याच धंद्यावर चालत होती. आई शिलाईवर, वडील धुलाईवर. नदी घाण करणारे ते वाईट लोक, असे सरसकट म्हटले की ही मुले मान खाली घालून बसतात. प्रक्रिया न करता पाणी सोडण्यात कोणाचे पैसे वाचतात, त्याची किंमत कोण भरतो आणि कारखाना बंद झाल्यावर प्रथम कोणाचे काम जाते, हे तीन प्रश्न एकत्र मांडले तर कोणालाही मान खाली घालावी लागत नाही.

पूर आणि टक्केवारी

उपदेशाच्या धड्यात न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पूर. २६ जुलै २००५ चा पाऊस बदलापूर-कल्याणच्या जुन्या रहिवाशांना आठवतोच. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासचे पाणी पसरले आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. बातम्यांत ती सुटकेची कथा झाली. वर्गात ती पूरमैदानाची कथा व्हायला हवी. सह्याद्रीवरून झपाट्याने उतरलेले पाणी सपाटीवर येऊन पसरते, आणि ती सपाटी नदीनेच पूर्वीच्या पुरांत तयार केलेली असते. लोहमार्ग आणि नव्या वसाहती त्याच सपाटीवर आहेत.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून मुलांना वाटते की एकदा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही. खरा अर्थ असा की प्रत्येक वर्षी असा पूर येण्याची शक्यता ४ टक्के आहे. दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात तो एकदाही न येण्याची शक्यता ०.९६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. तो निदान एकदा येण्याची शक्यता साधारण तीनात एक. संभाव्यतेच्या धड्यात फासे आणि पत्ते यांच्या जोडीला हे उदाहरण ठेवायला काय हरकत आहे?

एक आक्षेप आणि थोडे व्यवहाराचे

आमच्या या टीकेवर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. सगळ्या राज्यासाठी एकच पाठ्यपुस्तक असते, त्यात वालधुनी कशी येणार? पण आपल्या राज्याने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे पुस्तक असते. मुलाने आपल्या परिसरापासून सुरुवात करावी हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. अडचण इतकीच की ते तिसरीलाच संपते, आणि जिल्हा ही महसुलाची हद्द आहे. उल्हास पुणे-रायगडच्या सीमेवरून निघून ठाणे जिल्ह्यात येते. तिला जिल्हे ठाऊक नाहीत. आठवी-नववीच्या पुस्तकात नदीखोऱ्यानुसार पंधरा-वीस पानांची पुरवणी देणे अशक्य नाही. तेही नको असेल तर पाठाच्या शेवटी दोन कोरी पाने सोडावीत आणि वर दोन प्रश्न छापावेत: तुमच्या नळाचे पाणी कुठून येते? तुमच्या मोरीचे पाणी कुठे जाते? उत्तर प्रत्येक शाळेने शोधावे.

पुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. शाळेच्या छपरापासून सुरुवात करता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच लाख लिटर. माणशी १३५ लिटरने दहा माणसांची वर्षाची गरज. इथपर्यंत मुले खूश असतात. मग विचारावे, पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी हे पाणी साठवायला केवढे टाके लागेल? तीन मीटर खोल धरले तर साडेदहा मीटर लांब आणि तितकेच रुंद. पाऊस भरपूर असून टंचाई का, हे मुलांना इथे कळते. प्रश्न पावसाच्या जोडीने साठवणुकीचाही आहे.

नदीवर जायचे तर काळजी घ्यायलाच हवी. वालधुनीच्या पाण्यात मुलांनी हात घालू नये, नमुना घेऊ नये. पुलावरून रोज एकाच वेळी पाण्याचा रंग, वास, फेस आणि पातळी यांची नोंद केली तरी महिनाभरात एक तक्ता तयार होतो. रविवारची नोंद वेगळी येते का, पावसाच्या पहिल्या सरीनंतर काय होते, हे प्रश्न त्यातून मुलेच काढतात. साठ मुलांचा वर्ग, परवानगीचे कागद, अपुरा अभ्यासक्रम आणि परीक्षा जवळ आलेली, या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. म्हणूनच एका पुलावरून रोज पाच मुलांनी करायचे पाच मिनिटांचे काम सुचवले आहे. श्रेणीसाठी प्रकल्पवहीत बाजारातली चित्रे चिकटवण्यापेक्षा ते स्वस्तही पडते.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने वालधुनीला नदी म्हणावे असा आमचा आग्रह नाही. तिचे पाणी कोणत्या डोंगरातून, कोणत्या धरणातून आणि कोणाकोणाच्या घरातून येते, तिचा नाला कसा झाला आणि ती पुढे कोणाच्या दारात जाते, एवढे त्याला सांगता आले पाहिजे. नंतर तिला काय म्हणायचे ते त्याचे तो ठरवील.